गाईचा उपास

पितृपक्षात आमच्या सोसायटीत गाईला जेवढी मागणी असते, तेवढी एरवी प्लंबरलाही नसते. मुंबई सोडून पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथे सगळी आपल्यासारखीच नोकरदार माणसं, गाय कोणाला लागणार? पण माणसं फ्लॅट बदलतात, सवयी खोक्यात भरून बरोबर आणतात. पहिली पोळी गाईची. मुंबईत ती पोळी नेमकी कोणाच्या पोटात जायची हे विचारायची पद्धत नव्हती. इथे मात्र खरीखुरी गाय होती आणि ती रोज सकाळी आपण होऊन गेटवर यायची.

गाय गावातल्या एका मावशींची. मावशी आगरी, साठी ओलांडलेल्या, अंगाने काटक. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं. हे त्या कधी तक्रारीच्या सुरात सांगत नसत, पत्ता सांगावा तसं सांगत. "तुमचा जिना हाय ना, तितं आमचं खळं होतं." शेत गेलं, बैल गेले, मुलगे कामासाठी बाहेर राहायला गेले. गोठ्यात ही तांबडी गाय तेवढी उरली आणि तिची चैत्रात झालेली कालवड. मावशी दिवसभरात जेवढं बोलत, त्यातलं निम्मं या दोघींशी.

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण दोघं जण लिफ्टमध्ये भेटले तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांचं प्रास्ताविक चालतं. गेल्या पितृपक्षाच्या तोंडावर त्यांनी एक विचार मांडला. गाईला पोळ्या घालणं ही विकृती असून गाईचं मूळ अन्न तृण आहे. सबब सोसायटीने गोग्रास केंद्र सुरू करावं. सभेत कोणी विरोध केला नाही, कारण जेवायची वेळ झाली होती.

केंद्र म्हणजे गेटपाशी बांबूचा कठडा, कोणाच्या तरी ओट्यातून उरलेल्या ग्रॅनाइटची गव्हाण आणि वर फ्लेक्स. फ्लेक्सवरची गाय काळी-पांढरी, परदेशी होती, तिच्या मागे बर्फाचे डोंगर होते, आणि अध्यक्षांचा फोटो तिच्यापेक्षा किंचित मोठा होता. पितृपक्षात उद्घाटन करत नाहीत, म्हणून त्याला 'अनौपचारिक प्रारंभ' म्हटलं गेलं. भाषणं झालीच.

गवत मागच्या मोकळ्या प्लॉटातलं. पाऊस सरत आला की तिथलं गवत कमरेइतकं होतं आणि शेंड्याला कुसळं धरतात. माळी ते कापून भारे टाकायचा. पाटीवर लिहिलं होतं, 'संपूर्ण नैसर्गिक, रसायनमुक्त'. त्या प्लॉटातून मी स्टेशनचा रस्ता गाठत असे आणि घरी आल्यावर मोज्यांतून कुसळं उपटत बसत असे, त्यामुळे गवताच्या नैसर्गिकपणाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. गाय ते खायची. पोळीला सोकावलेली होती, तरी खायची. यजमानांचं मन मोडू नये असा तिचा स्वभाव होता, किंवा दुसरं काही मिळत नव्हतं.

घट बसले आणि दोन-तीन दिवसांत गाईने खाणं सोडलं.

यायची वेळेवर. गव्हाणीपुढे उभी राहायची, वास घ्यायची, तोंड खाली न्यायची आणि तशीच वर आणायची. तळमजल्यावरच्या काकूंनी नियम मोडून मऊ पोळी पुढे केली, तीही घेईना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पाच-सहा बायका भोवती जमल्या. त्यांतली एक जरा वेळ गाईकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, नवरात्र बसलंय ना!"

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर गाईचा फोटो आला. खाली मजकूर: आपल्या दारची गोमाता नवरात्राचा कडक उपास करते आहे. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. संध्याकाळी शेजारच्या दोन सोसायट्यांतून माणसं दर्शनाला आली. दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला की निर्जळी उपास आहे की फराळाचं चालेल. कोणीतरी साबुदाण्याची खिचडी आणली. गाईने ती हुंगली आणि मान फिरवली. लगेच एक गट म्हणाला, खिचडीत जिरं होतं म्हणून नाकारली. गाईला बरोबर कळतं. ज्यांच्या घरी उपासाला जिरं चालतं ते सगळे दुखावले. मग बिनजिऱ्याची खिचडी आली, राजगिऱ्याचे लाडू आले, सोललेली केळी आली. गाय प्रत्येक ताटापुढे मान झुकवायची, लाळ गाळायची आणि उपाशी उभी राहायची.

"एक सांगू?" खिडकीतून बघत बायको मला म्हणाली. "मी इतकी वर्षं नवरात्राचे उपास करते. लाळ सुटते. पण इतकी नाही."

आम्ही दोघं खाली उतरलो तेव्हा मावशी पोचल्या होत्या. त्यांच्या गाईभोवती माणसं हात जोडून उभी होती आणि कोणीतरी तिच्या पायांवर हळदकुंकू वाहत होतं. मावशींनी गर्दीतून वाट काढली.

"अवो, काय चाललंय? कसला उपास? ती आजारी हाय."

"मावशी, भाग्य लागतं असलं जनावर दारी असायला," अध्यक्ष म्हणाले.

"भाग्य ऱ्हाऊ द्या. दोन दिस झाले, वासराला चाटली नाय. पानी प्यायचं तर नाकापर्यंत थोबाड बुडवते नी निम्मं सांडते. असा उपास असतो का कदी?"

"उपासाचे प्रकार असतात."

"तुमी धरा मंग त्यातला येक," मावशी म्हणाल्या आणि दोरी ओढून गाईला घेऊन चालू लागल्या.

आम्ही मागोमाग गोठ्यापर्यंत गेलो. मावशींचा स्वतःचा निष्कर्ष तयार होता: नजर. इतकी माणसं एकटक बघतात, मग जनावराचं काय होणार? मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या होत्या, जिभेला हळद-तेल चोळून झालं होतं. मीही मागे राहिलो नाही. मोबाइलवर लाळ आणि गाय हे दोन शब्द टाकले आणि उत्तर आलं ते मोठ्याने वाचलं: लाळ्या-खुरकूत. चटकन पसरणारा रोग. हे मी वाचत होतो तेव्हा सोसायटीचा वॉचमन दोन हातांच्या अंतरावर उभा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी नोटीस लागली. संसर्गाची शक्यता लक्षात घेता पुढील आदेशापर्यंत जनावरांना गेटजवळ येण्यास मनाई. ग्रॅनाइटची गव्हाण फिनेलने धुतली गेली. ज्या काकूंनी पायांवर कुंकू वाहिलं होतं, त्या हाताला सॅनिटायझर चोळत होत्या. देवत्व येतं आणि जातं याबद्दल मी बरंच वाचलेलं आहे, पण सकाळी असलेलं संध्याकाळी गेलेलं पहिल्यांदाच पाहिलं. मावशींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सकाली पाया, संध्याकाली फिनेल. बरं झालं, मधे लोक जेवले तरी."

पण गोठ्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गाईच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कालवड आचळांना ढुशा देऊन कंटाळायची आणि येऊन आईच्या तोंडापाशी उभी राहायची. गाय मान वळवून तिच्याकडे नुसती बघायची. मावशी दाराच्या उंबऱ्यावर बसून राहत. "ही गेली का मंग गोठा कशाला ठेवायचा," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून नव्हे.

बायकोने कुठून कुठून फोन लावून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, स्कूटरवरून आल्या, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि आधी गाईचे खूर उचलून बघितले.

"खुरांत काही नाही, तोंडात फोड नाहीत. लाळ्या-खुरकूत नाही ही. कोण म्हणालं?"

"असंच, लोक म्हणत होते," बायको म्हणाली. लोक तिच्या शेजारीच उभे होते.

मग त्यांनी गाईच्या जबड्याखाली चाचपलं, तिथे सूज होती. तोंडात बाजूने हात घातला आणि जीभ पकडून बाहेर काढली. म्हणजे काढू पाहिली. ती वळेना. "हात लावून बघा," त्या मला म्हणाल्या. मी लावला. गाईची जीभ म्हणजे ओली, खरखरीत, सतत हलणारी वस्तू अशी माझी समजूत होती. ही जुन्या बॅटची मूठ धरल्यासारखी लागली. वर बारीक गाठी होत्या आणि एका गाठीतून पिवळट पू येत होता, त्यात रव्यासारखे कण.

"याला लाकडी जीभ म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या.

वैद्यकाच्या पुस्तकातली नावं मी पुष्कळ ऐकली आहेत, ती आजाराहून जास्त घाबरवतात. हे नाव मात्र ज्या कोणी ठेवलं त्याने आधी हात लावून बघितला असणार.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हे जंतू गाईच्या तोंडात एरवीही असतात, कोणाला त्रास न देता. तोंडात काही टोचलं, जखम झाली, की ते आत शिरतात आणि आतून जीभ घट्ट करत जातात. मेंढ्यांना होतं तेव्हा बहुतेक ओठ आणि गाल सुजतात, जीभ सहसा वाचते. गाईचं नेमकं जिभेवर येतं. आणि गाईचा हात म्हणजे तिची जीभ. गवताला विळखा घालायचा जिभेने, ओढायचं जिभेने.

"तिला भूक आहे. भरपूर आहे. पण हात बांधलेत असं समजा. हा रोग तिला मारणार नाही, उपासमार मारेल."

"काय टोचलं आसल?" मावशींनी विचारलं.

"कुसळं, काटे, काहीही. काय खायला होतं?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मी गोठ्याचे वासे बघायला लागलो.

"या दिवसांत सगळीकडे कुसळच असतं," डॉक्टर सुई भरता भरता म्हणाल्या. "कुठल्या पेंढीतलं टोचलं हे ती सांगणार नाही. तिची साक्ष घेता येत नाही."

"जीभ नरम व्हईल ना?"

"वेळेत बोलावलंत. व्हायला हवी. पण तोवर पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. पेज, भिजवलेला कोंडा, पोळ्या भिजवून कुस्करून. जिभेच्या मागे, घशाशी ठेवायचं. कोरडं, टोचणारं काही नको."

मग त्यांनी मानेच्या शिरेतून आयोडिनचं औषध दिलं, अगदी सावकाश, घाई असलेल्या माणसाला राग यावा इतकं सावकाश. शिवाय जंतू मारणारी इंजेक्शनं लिहून दिली. रोज येईन म्हणाल्या आणि खरंच येत राहिल्या.

त्या संध्याकाळी बायकोने ग्रुपवर लिहिलं, "गाईला उपास नाही, लाकडी जीभ नावाचा आजार आहे. कोणाला लागणार नाही. तिला पोळ्या हव्यात. भिजवून, कुस्करून आणाव्यात. तूप, गूळ, वेलची नको." मग तळमजल्यावरच्या काकूंचा प्रश्न: "हा गोग्रास धरला जाईल का?" बायकोने उत्तर दिलं, "हाच."

त्यानंतर जे झालं त्याची मला अपेक्षा नव्हती. सकाळी गोठ्यापुढे डबे आणि बादल्यांची रांग लागली. एरवी कचऱ्याच्या डब्यावरून एकमेकींशी न बोलणाऱ्या बायका पोळी किती भिजवावी यावर चर्चा करत उभ्या होत्या. एका काकांनी मिक्सरमधून काढून आणली. एकीच्या लगद्याला वेलचीचा वास आलाच; तिचं म्हणणं पडलं की हाताला सवय आहे, ती काय करणार. मावशी एकेक गोळा मुठीत घेऊन गाईच्या तोंडात खोलवर नेऊन ठेवायच्या आणि गळा चोळायच्या. मलाही शिकवलं. पहिल्या दिवशी माझा शर्ट कोपरापर्यंत लाळेने भिजला, दुसऱ्या दिवसापासून मी बनियनवर जाऊ लागलो. कार्यालयीन आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाची कोणी इतकी मान हलवून दखल घेतली नव्हती.

अध्यक्षही आले, नाकाला रुमाल लावून.

"आपल्याला होणार नाही ना हे? म्हणजे माणसांना?"

"तुमाला नाय व्हायाचं," मावशी गोळा वळत म्हणाल्या. "तुमची जीब बसतेच कुटं?"

रांगेतल्या बायका हसल्या. अध्यक्षही रुमालाआड हसले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेजेसाठी कण्या पाठवल्या, आणि बरोबर भाषण नव्हतं.

दसरा झाला. जीभ तशीच. डॉक्टरांनी काही दिवसांनी आयोडिन पुन्हा दिलं. त्याच्या एक-दोन दिवसांनंतर गाईच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नुसतं ओलसर नाही, धारा. गालांवर ओल्या रेघा. आणि पाठीवरून कोंडा गळत होता.

हे काकूंनी पाहिलं, त्यांनी अध्यक्षांना सांगितलं आणि तासाभरात ग्रुपवर शीर्षक आलं: 'गोमातेच्या नेत्रांत अश्रू!' खाली अध्यक्षांचं निवेदन. आपण तिला प्रवेश नाकारला, फिनेल वापरलं, तिच्या मनाला लागलं आहे. ज्यांनी ज्यांनी हाताला सॅनिटायझर लावलं होतं ते एकेक करून गोठ्यात क्षमा मागायला आले. गाय रडत रडत त्यांच्याकडे बघत होती.

मी घाबरून डॉक्टरांना फोन केला.

"रडतेय?" डॉक्टर म्हणाल्या. "वा! कोंडाही पडतोय का?"

"पडतोय."

"मस्त. म्हणजे आयोडिन अंगात पुरेसं झालं. आता पुढचं द्यायचं नाही. दोन-चार दिवसांत पाणी थांबेल."

मी फोन ठेवला. ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला, तेवढ्यात माळी हिरव्यागार, कोवळ्या मक्याचा भारा घेऊन गोठ्यात आला. अध्यक्षांनी प्रायश्चित्त म्हणून मागवला होता. पुढेही रोज येणार होता. सोबत बारीक कापायला विळीही. मी लिहिलेलं खोडून टाकलं. सत्य सांगायची माझी सवय आहे, पण मका ताजा होता.

कोजागरीच्या सुमारास जीभ थोडी हलली. मावशींनीच पहिल्यांदा पाहिलं. गोळा घशाशी न्यायच्या आधीच गाईने तो त्यांच्या बोटांवरून ओढून घेतला. मग दिवसागणिक सुधारत गेली. कापलेला मका हातावरून घेऊ लागली. सूज उतरली. पण मावशींचा जीव भांड्यात पडला नव्हता. "हातातला घेते," त्या म्हणायच्या, "भुईतला नाय ओढत. मी काय जलमभर हातात धरनार हाय? माज्या मागं कोन धरल?" डॉक्टर म्हणाल्या, काही जनावरांची जीभ पूर्ण नरम होत नाही; वाट बघायची. मावशी सकाळ-संध्याकाळ गाईला गावच्या तळ्याकाठी हिरवळीवर नेऊन उभी करायच्या. गाय वास घ्यायची, मावशींच्या हाताकडे बघायची आणि वाट पाहायची.

तेवढ्यात वसुबारस आली. वासरासह गाय पुजायचा दिवस, आणि अध्यक्षांच्या मनात सोहळा. मावशी पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या. मग अट घातली: कोणी काही खायला घालायचं नाही, गवत आणायचं नाही, आणि भाषण एकच. अध्यक्षांनी पहिल्या दोन अटी लगेच मान्य केल्या.

संध्याकाळी गाय आणि कालवड कंपाउंडमध्ये आल्या. फ्लेक्स नवा होता. या वेळी त्यावर आमचीच गाय होती, पण फोटो डोळ्यांतून धारा वाहत असतानाचा. बायका नऊवारी नेसून आल्या होत्या. त्या दिवशी गहू आणि दूध वर्ज्य, त्यामुळे सगळ्यांच्या घरी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी होती आणि मुलं चिडलेली होती. आधी गाईची पूजा झाली, मग कालवडीला हळदकुंकू लावलं, पाठीवर हाताचे ठसे उमटवले. काकूंनी आरतीचं तबक उचललं.

गाईने मान वळवली आणि कालवडीचं कपाळ चाटलं.

एकदाच, जरा अडखळत. मग पुन्हा. मग मान, कान, पाठ, सरळ आणि उलटं. लांब, ओली, खरखरीत जीभ. कुंकू गेलं, हळद गेली, ठसे गेले. कालवड डोळे मिटून, पाय रोवून उभी होती आणि तिचे केस सगळे एका बाजूला उभे राहिले होते. काकूंनी पुढे होऊन पुन्हा कुंकू लावलं. गाईने ते पुन्हा चाटलं.

"मावशी, फोटो होईपर्यंत तरी आवरा तिला," अध्यक्ष कळवळून म्हणाले.

"चाटू दे!" मावशी ओरडल्या. पदर तोंडाशी धरला होता, तरी हसणं ऐकू येत होतं. "महिन्याचं ऱ्हायलंय तिचं! नी तुमी कुंकू नका लावू आता, सगला तिच्याच पोटात चाललाय."

आरती बिनकुंकवाच्या, चकचकीत ओल्या वासराची झाली. भाषण सुरू झालं. प्रास्ताविकातच मावशींच्या हातातली दोरी ताणली गेली. गाय चालायला लागली होती. फ्लेक्सच्या पलीकडे, दिव्यांच्या माळा लावलेली सोसायटीची हिरवळ आहे. कोवळी, रोज पाणी घातलेली. कडेला पाटी आहे, 'हिरवळीवर चालू नये'. गाय पाटीच्या आधीच थांबली. मान खाली घातली. मावशींनी सवयीने वाकून मूठभर गवत उपटायला हात पुढे केला आणि तो हवेत तसाच राहिला. जीभ बाहेर आली, गवताला विळखा पडला, झटका बसला, आणि गवत तुटल्याचा करकर आवाज आम्हा सगळ्यांना माइकवरच्या आवाजातूनही ऐकू आला.

वॉचमन काठी घेऊन धावला आणि अर्ध्यात थांबून अध्यक्षांकडे बघायला लागला. भाषण थांबलं होतं. अध्यक्षांनी पाटीकडे बघितलं, गाईकडे बघितलं आणि माइक बाजूला धरून म्हणाले, "राहू दे रे. खाऊ नये असं कुठे लिहिलंय?"

मावशी पाटीला टेकून हिरवळीच्या कडेला बसल्या, दोरी सैल सोडली आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बघत राहिल्या.